आधी चौकोन, मग टोपडं

प्रश्न : ताई, माझ्या भाचीला जानेवारीत बाळ होणार आहे. त्याच्यासाठी काहीतरी विणावं म्हणून लोकर आणि ८ नंबरच्या सुया आणल्या. सराव म्हणून व्हिडिओ बघून ४० टाक्यांचा मफलर सुरू केला. वीतभर झालाय, पण टाके ४७ झालेत आणि पट्टी वर रुंद होत चालली आहे. उसवून पाहिलं, परत तेच. हा नाद सोडू का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सोडू नका. जानेवारीपर्यंत बाळाचं टोपडं तुमच्या हातून होईल. मफलर मात्र आजच थांबवा.

मी नाशकात विणकामाचे वर्ग घेते आणि नव्या माणसाला मफलर काढूच देत नाही. दीड मीटर लांबीत टाके घालायचे एकदा, बंद करायचे एकदा, मधे नुसतं पुढे जात राहायचं. खरं अडतं ते सुरुवातीला आणि शेवटाला, आणि त्याचाच सराव मफलरमध्ये होत नाही. लहान वस्तू चार दिवसांत पुरी होते, घरात वापरली जाते आणि पुढची घ्यावीशी वाटते. त्या उमेदीसाठी मी हट्टानं लहान कामच देते.

आधी वाढलेल्या टाक्यांचं बघू. पट्टीच्या मधेच भोकं दिसतात का? दिसत असतील तर विणताना धागा चुकून पुढे येऊन सुईवर वेढा पडतोय. भोकं नसतील तर घोळ कडेला आहे, आणि नव्या हातांचा बहुधा तिथेच असतो. ओळ संपवून काम फिरवलं की धागा तुमच्या बाजूला येतो. तो सुईच्या खालून मागे न्यायचा. वरून मागे ओढला तर कडेचा टाका वर खेचला जातो, त्याचे दोन्ही पाय सुईवर येतात आणि एकाचे दोन टाके दिसतात. ते दोन्ही विणले की झाला एक जास्त. सवय होईपर्यंत दर ओळीनंतर टाके मोजा. वेळ जातो, पण उसवण्यात जातो त्यापेक्षा कमीच.

तुमची वीतभर पट्टी उसवू नका. आहे तिथेच टाके बंद करा, हात सैल ठेवून. घट्ट हातानं बंद केलेली कड आवळते. ती सैल पडत नसेल तर बंद करण्यापुरती उजव्या हातात जाड सुई घ्या.

आता पहिली खरी वस्तू : गरम भांडं उतरवायचं फडकं. विणकामाचा जाड सुती दोरा आणि ह्याच ८ नंबरच्या सुया घ्या. अॅक्रिलिक लोकर इथे अजिबात नको, गरम पातेल्याला ती वितळते आणि हात भाजतो. ३६ टाके घाला आणि प्रत्येक ओळ सुलट विणा. दोन ओळींचा मिळून शेतातल्यासारखा एक वरंबा उठलेला दिसेल. ओळी मोजत बसू नका, वरंबे मोजा. सुलट विणीत जितके टाके तितके वरंबे झाले की जवळपास चौकोन होतो. खात्री करायची तर एक कोपरा तिरका दुमडून समोरच्या कडेला लावा. कडा जुळल्या की टाके बंद. असे दोन चौकोन करून एकावर एक शिवा, एकेरी विणीतून चटका बसतो. ह्या एका फडक्यात टाके घालणं आणि बंद करणं दोनदा होतं, कडांची शिवणही होते. माझ्या मते एवढं आलं की टोपड्याला हात घालायला हरकत नाही.

टोपडं म्हणजे हाच चौकोन, पुढे लांबवलेला. मऊ, बिनकेसाळ लोकर घ्या, म्हणजे तंतू बाळाच्या तोंडात जायचे नाहीत. २८ टाके घाला. मध्यम जाडीच्या लोकरीत ही रुंदी साधारण १४ सेंमी भरते. सगळ्या ओळी सुलट विणत ३२ सेंमी लांबी झाली की बंद करा. पट्टी लांबीत मधोमध दुमडा. दुमडलेल्या तुकड्याची १६ सेंमीची एक बाजू शिवली की ती डोक्यामागची शिवण, समोरची उघडी बाजू चेहऱ्याभोवती येते. वर थोडं टोक निघतं, ते तसंच छान दिसतं. खालच्या दोन कोपऱ्यांना नाड्या लावा, पण बांधल्यावर उरलेलं टोक बोटभरच राहू द्या आणि बाळ झोपलं की टोपडं काढून ठेवायला भाचीला सांगा. आतल्या बाजूला धाग्याचं एकही टोक मोकळं ठेवू नका. सुईनं विणीत ओवून टाका. पुढे पायमोजे करायला घ्याल तेव्हा तर हे फारच जपा, सुटलेला धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. इथल्या नमुन्यात ८ नंबरच्या सुया सांगितल्या आहेत. आईनं साताऱ्याहून पाठवलेल्या ८ नंबरच्या सुयांवर टोपी विणली तर ती फारच लहान झाली. माझा हात घट्ट आहे का?

उत्तर : हात ठीक असेल, नंबर वेगळे आहेत. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत चालते, नंबर वाढला की सुई बारीक : ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे ३.२५. अमेरिकेत उलट, नंबर वाढला की सुई जाड, आणि तिथला ८ म्हणजे ५ मिमी. म्हणजे तिकडचा ८ हा आपला ६, आणि तिकडचा ६ हा आपला ८. आईच्या सुया जपून ठेवा, तिकडच्या ६ नंबरच्या नमुन्याला त्या चालतील. ह्यापुढे नंबर सोडून मिलिमीटर बघत जा.

प्रश्न : एक ओळ सुलट, एक उलट असा चौकोन विणला. कडा गुंडाळल्या गेल्या म्हणून इस्त्री केली, तर तो लुळा पडला. लोकर अॅक्रिलिक आहे. पूर्ववत होईल का?

उत्तर : नाही होणार. अॅक्रिलिकचा ताण उष्णतेनं एकदा गेला की परत येत नाही, त्यावर इस्त्री फिरवूच नका. कडा गुंडाळणं हा ह्या विणीचा स्वभाव आहे, तुमचं काही चुकलेलं नाही. पुढच्या वेळी दोन्ही बाजूंचे ४-४ टाके प्रत्येक ओळीत सुलट विणा, आणि सुरुवातीच्या व शेवटच्या ६-६ ओळी संपूर्ण सुलट.