व्हिसा हाती आल्यावर निघणे लांबवणार असाल, तर आधी मुलाचा कागद वाचा

ताई, सासऱ्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि मुलाची दहावीची परीक्षा पार पडेपर्यंत साताऱ्यातच थांबावे, कॅनडाचा व्हिसा तर आता हाती आलाच आहे, असे तुम्ही लिहिले आहे. जवळजवळ याच शब्दांत मी 2019 मध्ये सांगलीहून माझ्या पतींशी फोनवर बोलले होते. तुमच्या पतींप्रमाणेच माझेही पती तिथले पीआरधारक, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना असलेले, होते आणि त्यांनीच मला व मुलीला स्पॉन्सर केले होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

व्हिसासाठी केलेली वैद्यकीय तपासणी वर्षभर ग्राह्य धरतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मला महागात पडले ते वेगळेच. व्हिसाबरोबर मिळणाऱ्या पीआरच्या कागदावरची शेवटची तारीख, म्हणजे ज्या तारखेपर्यंत कॅनडात पोहोचायचे ती, तपासणीची मुदत आणि पासपोर्टची मुदत यांपैकी जी आधी संपते तिच्यावरून ठरते, आणि ती घरातल्या प्रत्येकाची स्वतंत्र असते. आपल्याकडे लहान मुलांना पासपोर्ट सहसा पाचच वर्षांचा मिळतो. माझी तपासणी एप्रिल 2019 मधली, म्हणून माझ्या कागदावर एप्रिल 2020 होते. मुलीचा पासपोर्ट डिसेंबर 2014 चा, म्हणून तिच्या कागदावर डिसेंबर 2019. दोन्ही कागद एकाच फोल्डरमध्ये एकावर एक ठेवलेले होते. वरचा माझा होता आणि मी तेवढाच वाचला.

त्या ऑगस्टमध्ये महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फूट 6 इंचांवर गेली आणि गावभागातल्या आमच्या घराचा खालचा मजला पाण्यात गेला. गाळ उपसण्यापासून सगळेच करायचे होते आणि घरात सासूबाई एकट्या, तेव्हा थांबण्याच्या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप नाही. मात्र थांबण्यापूर्वी, ज्यांनी आमची फाइल भरली होती त्या सल्लागारांच्या कार्यालयाला मी रीतसर विचारले होते की, आम्ही दोघी जानेवारीत निघालो तर चालेल का. त्यांचे एका ओळीचे उत्तर आले, ‘एक वर्षाची मुदत आहे, निश्चिंत राहा.’ फाइल उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. जानेवारीत बॅगा भरताना मुलीची तारीख उलटून गेल्याचे माझ्या लक्षात आले, तेव्हा त्याच कार्यालयाने मला ऐकवले की, कागदावरची तारीख वाचणे ही अर्जदाराची जबाबदारी आहे. कागद नीट वाचण्यासाठीच तर आपण यांना पैसे मोजतो ना?

नवा पासपोर्ट काढला म्हणून त्या कागदावरची तारीख पुढे सरकत नाही, आणि मुदत वाढवूनही मिळत नाही. मुलीचा अर्ज पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. माझी स्वतःची तारीख जवळ येत होती, म्हणून नऊ वर्षांच्या लेकीला आजीजवळ ठेवून फेब्रुवारी 2020 मध्ये मी एकटी गेले. दोन महिन्यांत परत येऊन तिला घेऊन जायचे ठरले होते. मार्चमध्ये विमाने थांबली, कार्यालये बंद झाली, पुढे एप्रिल 2021 मध्ये कॅनडाने भारतातून येणारी थेट उड्डाणेच बंद केली, आणि त्या दोन महिन्यांचे वीस महिने झाले. पुराच्या पाण्याची रेघ आमच्या माजघराच्या भिंतीवर तशीच राहिली होती. सासूबाई व्हिडिओ कॉलवर मुलीला त्या भिंतीशी उभी करून तिची उंची मला दाखवत. मी निघाले तेव्हा रेघ तिच्या डोक्याच्या वर चार बोटे होती. ती माझ्याकडे आली त्या ऑक्टोबरात रेघ तिच्या भुवयांशी आली होती.

मी वकील नाही, माझा अनुभव त्या काळातला आहे आणि क्वेबेक प्रांताचे नियम वेगळे आहेत. त्यामुळे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर सगळे पडताळून घ्या. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की, तारखा ओलांडू देण्यापेक्षा शस्त्रक्रियेच्या आधी दोन आठवडे मिळत असतील, तर दोघांनी जाऊन लँडिंग, म्हणजे तिथे पोहोचून पीआर म्हणून नोंद, करून यावे. मुलगा तुमच्या आधी जाऊ शकत नाही, तुमच्याबरोबर किंवा नंतरच. पीआर कार्ड फक्त कॅनडातल्या पत्त्यावर येते, तेव्हा पतींचा पत्ता द्या. कार्ड हाती नसताना भारतात आलात, तर परतीच्या विमानात बसण्यासाठी वेगळे प्रवासपत्र काढावे लागते, त्यालाही वेळ लागतो. पाच वर्षांत 730 दिवस तिथे राहण्याची अट आहे; साताऱ्यातले दिवस तुमच्या खात्यात धरले जाणार नाहीत, पण दहावीपुरते थांबण्याने त्याला धक्का बसत नाही.

दागिने मागे ठेवून जाणार असाल, तर लँडिंगच्या वेळीच ‘नंतर येणारे सामान’ या यादीत पाटल्या, तोडे, सगळे फोटो आणि किमतीसह लिहून द्या, म्हणजे पुढे आणताना कस्टम्समध्ये अडचण येत नाही. आमच्या यादीत सासूबाईंनी दिलेली ठुशी राहून गेली होती.

मुलाचा पासपोर्ट कोणत्या वर्षीचा आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. त्याचा कागद आजच बाहेर काढा, त्यावरची तारीख स्वतः वाचा आणि मला कळवा. त्यानंतरच परीक्षेचे आणि शस्त्रक्रियेचे वेळापत्रक जुळवता येईल.