कौल लावायचा, की द्यायचा?

देवगडहून एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे: निकालाच्या बातमीत 'मतदारांनी अमक्याच्या बाजूने कौल लावला' असं छापलं होतं, ते कानाला खटकलं, चूक आहे का? शिवाय त्यांच्या वर्गातल्या एका मुलाची शंका, की देवाचा कौल आणि घरावरची कौलं हा एकच शब्द का?

मुलाचं आधी मिटवू, ते सोपं आहे. देवाचा तो कौल, घरावरचं ते कौल. तो कौल, ते कौल. ते कौल, ती कौलं. लिंग आणि अनेकवचनच सांगतं की हे दोन वेगळे शब्द आहेत. घरावरचं कौल संस्कृत 'कपाल'शी, म्हणजे खापराशी, जोडतात. पूर्वी कुंभाराकडची नळीची कौलं असत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला आणि मग मंगळुरी कौलं किनाऱ्याने वर सरकत आली. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडची घरं उघडी टाकली, तेव्हा उडाली ती ही. शाक्तांचा कौलमार्ग तिसराच, 'कुल'वरून आलेला. त्याच्या वाटेला आज जात नाही.

देवाचा कौल मूळचा अरबी. अर्थ बोल, दिलेला शब्द. कव्वाली त्याच घरची. हे मी एकदा आमच्या देवळात बोलून बसलो, तर एक वयस्कर मानकरी भडकले. देवाच्या तोंडात अरबी? म्हटलं, काका, मग 'देवाचो हुकूम झालो' म्हणता तो हुकूम कुठला? त्यावर त्यांनी पानाची चंची काढली आणि विषय बदलला.

शब्द देवळात आला तो कचेरीतून, असं मला वाटतं. बहमनी-आदिलशाही अमदानीत फारसी कारभाराबरोबर कौल आणि कौलनामा मराठीत रुजले. लढाई, दुष्काळ किंवा जुलमाने रयत परागंदा झाली की गाव ओस पडे, शेतं पडीक राहत, सारा बुडे. मग सरकार कौल देई: परत या, जमीन कसा, पहिल्या वर्षी सारा नाममात्र, पुढे वर्षागणिक थोडा थोडा चढेल. याला इस्ताव्याचा कौल म्हणत. शिवकालीन आणि पेशवाईतल्या कागदांत असे कौल हवे तितके सापडतात. यात बांधला जातो तो देणारा. रयतेने परत यायचं ते त्या शब्दाच्या भरवशावर, आणि शब्द मोडला तर पुढच्या वेळी कोण येणार?

देवळातही तेच. गुरव मूर्तीला कळे नाहीतर पाकळ्या पाण्याने चिकटवतो. गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारला जातो, 'उजवो कौल दी रे म्हाराजा', आणि सगळे टक लावून बसतात. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. म्हणजे 'लावणे' इथे अगदी शब्दशः आहे, पाकळी लावायची. लावतो तो विचारणारा, देतो तो देव. माझ्या काकांना कलमांची बाग विकायची होती, त्यांना डावा कौल झाला. काकांनी प्रश्न फिरवून विचारला: अर्धी विकू? पुन्हा डावा. मग म्हणाले, विकत नाही, पण भाड्याने देऊ का? देवाशी एवढी घासाघीस करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. (तिसऱ्यांदा उजवा झाला.)

आता आचऱ्याची गावपळण बघा. काही वर्षांच्या अंतराने रामेश्वराचा कौल होतो आणि मालवण तालुक्यातलं हे अख्खं गाव, सगळ्या जातीधर्मांची माणसं, गुरंढोरं, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतं. तीन दिवस, तीन रात्री. मग परत कौल लावतात. नाही झाला तर मुक्काम वाढतो. सरकारी कौल ओस गावात माणसं आणायचा, हा भरलं गाव ओस करतो आणि मग स्वतःच माणसांना परत बोलावतो. त्या कागदांनंतर गावपळणीबद्दल वाचलं की मला उगाचच परागंदा रयत आठवते.

राहिला मतदारांचा कौल. इथे शब्दाची दिशाच उलटली. एकेकाळी राज्यकर्ता रयतेला द्यायचा, आता रयत राज्यकर्त्याला देते, आणि मला हा पालट फार आवडतो. खटकतं ते एवढंच की वर्तमानपत्रांनी कौलाचा 'निकाल' करून टाकला. मतमोजणीच्या सकाळी दिसतो तो कल, संध्याकाळी लागतो तो निकाल; कौल त्या दोन्हींहून जड शब्द आहे, त्यात भरवसा टाकलेला असतो. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तिथीवर ठरत नाही, देवीच्या कौलाने ठरते, आणि त्या जत्रेला मुंबईहून झाडून सगळ्या पक्षांचे पुढारी येतात. दोन्ही कौलांची गरज असलेली माणसं एका रांगेत बघायची असतील तर तिथे जावं.

तेव्हा बाई, बातमीतलं वाक्य चूकच. मतदार कौल देतात. लावायचाच असेल तर तो उमेदवाराने लावावा, आणि पाकळी डावी पडली तर आमच्या काकांसारखा प्रश्न फिरवून पुन्हा विचारायला पाच वर्षं थांबावं.