वाचकांचे प्रश्न : पायथनमधून पहिले संकेतस्थळ

प्रश्न : पायथनमधील यादी, लूप, फंक्शन आणि फाइल वाचणे-लिहिणे एवढे मला जमते. वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवणारे एक लहान संकेतस्थळ मला स्वतः तयार करायचे आहे. काही जण फ्लास्क शिकायला सांगतात, तर काही जण जँगो. मी कोठून सुरुवात करावी?

उत्तर : तुमच्या कामासाठी फ्लास्क घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ही दोन फ्रेमवर्क, म्हणजे संकेतस्थळाचा तयार सांगाडा देणारी साधने, वेगवेगळ्या गरजांतून तयार झाली आहेत आणि त्या गरजा लक्षात घेतल्या की निवड सोपी होते. जँगोची सुरुवात २००३ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या वेब विभागात झाली. तेथे काम करणाऱ्या एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांना बातमीच्या वेगाने नवी पाने उभी करावी लागत, आणि त्यांतील मजकूर भरणारी माणसे पत्रकार असत, प्रोग्रामर नव्हेत. म्हणूनच २००५ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या जँगोमध्ये वापरकर्त्यांची खाती, डेटाबेसशी बोलणारा थर, फॉर्मची तपासणी आणि मजकूर भरण्यासाठीचा ॲडमिन विभाग हे सारे पहिल्या दिवसापासून हाताशी असते. आर्मिन रोनाकर यांचे फ्लास्क २०१० मध्ये आले. आलेली विनंती समजून घेऊन उत्तर पाठवण्याचे काम ते वेर्कझॉइग या लायब्ररीकडून (तयार कोडच्या संचाकडून) करून घेते, पान तयार करण्याचे काम जिंजा या टेम्प्लेट इंजिनाकडून, म्हणजे पानाच्या साच्यात मजकूर भरणाऱ्या साधनाकडून. डेटाबेस कोणता वापरावा आणि फॉर्म कसे तपासावेत, याबाबत मात्र ते तुमच्यावर काहीही लादत नाही.

शिकणाऱ्याला फ्लास्कचा मोठा लाभ असा, की एका फाइलमध्ये, सात-आठ ओळींत पहिले पान दिसते आणि त्यातील प्रत्येक ओळ तुम्ही स्वतः लिहिलेली असते. जँगोमध्ये प्रकल्प सुरू करणारी आज्ञा दिली की लगेच अनेक फाइली तयार होतात. त्या अनावश्यक नसतात, पण त्यांची गरज का पडते हे नवख्याला अजून अनुभवाने कळलेले नसते. तुमच्या संकेतस्थळावर उद्या अनेकांनी खाते उघडून नोंदी करायच्या असतील आणि त्यांतील काहींना संपादकाचे अधिकार द्यायचे असतील, तर मात्र थेट जँगो घ्यावे, कारण तेवढे सगळे स्वतः उभारणे हे नवख्याने अंगावर घेण्याचे काम नव्हे. कोणतेही निवडा, प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रकल्पाच्या लायब्ररींसाठी स्वतंत्र जागा, करा. त्यासाठीचे ‘व्हेन्व्ह’ हे मॉड्यूल पायथन ३.३ पासून पायथनसोबतच मिळते.

प्रश्न : मी फ्लास्क बसवले आणि पहिले पान लिहिले, परंतु चालवताना ‘फ्लास्क हे नाव आयात करता येत नाही’ अशी त्रुटी येते. लायब्ररी तर व्यवस्थित बसलेली दिसते.

उत्तर : बहुधा तुम्ही स्वतःच्या फाइलचेच नाव ‘फ्लास्क डॉट पीवाय’ असे ठेवले आहे. पायथन मॉड्यूल शोधताना आधी तुमच्या फोल्डरमध्ये पाहते, तेथे त्याला तुमचीच फाइल सापडते आणि ती स्वतःलाच आयात करू लागते. फाइलचे नाव बदला.

प्रश्न : पुस्तकांच्या यादीचे फंक्शन मी लिहिले आणि त्यात प्रिंटच्या साहाय्याने यादी छापली. टर्मिनलवर यादी नीट दिसते, परंतु ब्राउझरमध्ये ५०० क्रमांकाची त्रुटी येते. प्रोग्राम चालतो, मग पान का दिसत नाही?

उत्तर : या प्रश्नावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण विनंती ब्राउझरमधून निघून तुमच्या फंक्शनपर्यंत कशी पोहोचते आणि उत्तर परत कसे जाते, हे एकदा नीट समजले की पुढच्या बहुतेक अडचणींचा उलगडा स्वतःचा स्वतःला करता येतो.

तुम्ही ब्राउझरमध्ये पत्ता टाकता, तेव्हा ब्राउझर सर्व्हरला ठरावीक रचनेचा संदेश पाठवतो. त्यात पद्धत असते, म्हणजे नुसते पान मागायचे असेल तर गेट आणि काही माहिती सुपूर्द करायची असेल तर पोस्ट. त्यापुढे मार्ग, म्हणजे पत्त्यातील संकेतस्थळाच्या नावानंतरचा भाग, असतो आणि मग हेडर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काही सूचना. पायथनच्या जगात हा संदेश स्वीकारणारा सर्व्हर आणि तुमचा प्रोग्राम यांच्यामध्ये डब्ल्यूएसजीआय नावाचा एक करार आहे. तो २००३ मध्ये पेप ३३३ या प्रस्तावातून मांडला गेला आणि पायथन ३ साठी २०१० मध्ये पेप ३३३३ म्हणून सुधारला गेला. करार थोडक्यात असा : सर्व्हरने विनंतीचा सगळा तपशील एका डिक्शनरीत भरून द्यावा आणि प्रोग्रामने उत्तराचा दर्जा (काम झाले की अडले हे सांगणारा आकडा), हेडर आणि मजकुराचे बाइट परत करावेत. फ्लास्क काय किंवा जँगो काय, हा करार पाळणारे कोणतेही फ्रेमवर्क तो पाळणाऱ्या कोणत्याही सर्व्हरवर चालते, ते याचमुळे.

आता तुमच्या फंक्शनच्या वर ॲट चिन्हाने सुरू होणारी जी ओळ आहे, तिचे काम पाहा. प्रोग्राम सुरू होताना ती एकदाच चालते आणि ‘या मार्गासाठी हे फंक्शन’ एवढी नोंद करून ठेवते. फंक्शन त्या वेळी चालत नाही. विनंती आली की फ्लास्क त्या नोंदींमध्ये मार्ग शोधते, जुळणारे फंक्शन चालवते आणि त्या फंक्शनने रिटर्न केलेली वस्तू घेऊन तिचे उत्तर बनवते. तुम्ही स्ट्रिंग रिटर्न केली, तर ती पानाचा मजकूर म्हणून २०० या, म्हणजे ‘सारे ठीक’ अशा, दर्जासह जाते. प्रिंट केलेले शब्द मात्र या वाटेवर कधी येतच नाहीत. ते सर्व्हर ज्या टर्मिनलमध्ये चालू आहे तेथे उमटतात आणि तेथेच राहतात. रिटर्न न लिहिलेले फंक्शन पायथनच्या नियमाप्रमाणे ‘नन’ हे मूल्य देते, त्यातून फ्लास्कला उत्तर तयार करता येत नाही आणि म्हणून ५०० दिसतो. प्रिंटच्या जागी यादीचा मजकूर रिटर्न करा, किंवा त्याहून चांगले म्हणजे यादी टेम्प्लेटला द्या आणि टेम्प्लेटमधून तयार झालेले पान रिटर्न करा.

दर्जाचे हे आकडे घाबरवण्यासाठी नसून विनंती वाटेत कोठे अडली, हे सांगण्यासाठी असतात. ४०४ म्हणजे मार्गाशी जुळणारी नोंदच सापडली नाही किंवा फंक्शनला मागितलेली वस्तू मिळाली नाही; ४०५ म्हणजे मार्ग सापडला, पण त्या पद्धतीला तेथे परवानगी नाही, जे पोस्टचा उल्लेख नोंदीत करायचा राहून गेला की हमखास घडते; ५०० म्हणजे विनंती पोहोचली, पण पुढे तुमच्या कोडमध्ये काही बिघडले. मार्गाच्या शेवटी असलेल्या तिरप्या रेषेनेही फरक पडतो : नोंदीत ती असेल आणि वाचकाने टाकली नाही, तर फ्लास्क त्याला योग्य पत्त्यावर वळवते, नोंदीत नसेल आणि वाचकाने टाकली, तर ४०४ मिळतो. फ्लास्कसोबत मिळणारा विकासाचा सर्व्हर प्रत्येक विनंतीमागे टर्मिनलवर पद्धत, मार्ग आणि दर्जा यांची एक ओळ लिहितो. कोड उलटसुलट बदलून पाहण्याआधी ती ओळ वाचण्याची सवय लावून घ्या.

प्रश्न : नवीन पुस्तक फॉर्ममधून नोंदवले की पान दिसते, परंतु ते पान रिफ्रेश केल्यास तेच पुस्तक पुन्हा नोंदले जाते. हे कसे थांबवावे?

उत्तर : तुमचे फंक्शन पोस्ट विनंतीच्या उत्तरादाखल थेट पान पाठवत आहे. अशा वेळी ब्राउझरची शेवटची विनंती पोस्ट हीच राहते आणि रिफ्रेश म्हणजे तीच विनंती पुन्हा पाठवणे. यावरचा प्रस्थापित उपाय असा, की नोंद साठवल्यानंतर पान न पाठवता यादीच्या पत्त्याकडे वळवणारे, म्हणजे ३०२ किंवा ३०३ दर्जाचे उत्तर पाठवावे. फ्लास्कमध्ये त्यासाठी रिडायरेक्ट हे फंक्शन आहे. मग ब्राउझर स्वतःहून गेट विनंती करतो आणि त्यानंतर कितीही वेळा रिफ्रेश केले तरी फक्त यादी पुन्हा मागितली जाते.

याच्याच जोडीने एक नियम कटाक्षाने पाळावा : माहिती बदलणारे किंवा पुसणारे कोणतेही काम गेट विनंतीवर ठेवू नये. ‘हे पुस्तक काढून टाका’ असा साधा दुवा दिलात, तर दुव्यांमागून दुवे उघडत जाणारे शोधयंत्राचे प्रोग्राम तोही उघडतील आणि तुमची यादी रिकामी होईल.

प्रश्न : मी पुस्तके एका ग्लोबल यादीत साठवतो. कोडमध्ये लहानसा बदल करून फाइल जतन केली, तरी सगळी पुस्तके नाहीशी होतात. डेटाबेस शिकणे आता अपरिहार्य आहे का?

उत्तर : होय, आणि तो तुम्हाला वाटतो तितका दूरही नाही. यादी चालू प्रोग्रामच्या स्मृतीत असते. डीबग अवस्थेत, म्हणजे चुका शोधण्यासाठी प्रोग्राम चालवताना, फाइल जतन होताच सर्व्हर स्वतःला पुन्हा सुरू करतो आणि जुनी स्मृती जाते. शिवाय खऱ्या सर्व्हरवर तुमच्या प्रोग्रामच्या अनेक प्रती एकाच वेळी चालतात आणि प्रत्येकीची यादी वेगळी असते, त्यामुळे एकाच वाचकाला एकदा पुस्तक दिसेल आणि पुढच्या क्षणी दिसणार नाही.

एसक्यूलाइट हा डेटाबेस २००० मध्ये रिचर्ड हिप यांनी तयार केला. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळी माहिती एकाच फाइलमध्ये राहते आणि तो वापरण्याचे मॉड्यूल पायथनबरोबरच येते. एका वेळी अनेकांना वाचता येते, लिहिता मात्र एकालाच येते. पुस्तकांच्या नोंदींसारख्या संकेतस्थळाला एवढे भरपूर पुरते. येथे नवख्यांची दोन ठिकाणी फसगत होते. पहिले म्हणजे नोंद घातल्यानंतर कमिट करायचे, म्हणजे बदल कायम करण्याची आज्ञा द्यायचे, राहते. प्रोग्राम कोणतीही तक्रार करत नाही, पण नोंद फाइलमध्ये उतरत नाही. दुसरे म्हणजे डेटाबेसची जोडणी प्रोग्रामच्या आरंभी एकदाच उघडून सगळीकडे वापरली जाते. फ्लास्कचा सर्व्हर विनंत्या वेगवेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांत, हाताळतो आणि एका थ्रेडमध्ये उघडलेली जोडणी दुसऱ्यात वापरण्यास हे मॉड्यूल सहसा नकार देते. म्हणून जोडणी प्रत्येक विनंतीत उघडावी आणि विनंती संपताच बंद करावी.

याहून गंभीर बाब अशी, की वाचकाने फॉर्ममध्ये लिहिलेला मजकूर एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेतील, वाक्यात अधिक चिन्हाने किंवा एफ-स्ट्रिंगने कधीही जोडू नका. तसे केल्यास मजकुरातील एखादे अवतरणचिन्ह तुमचे वाक्य मध्येच संपवते आणि त्यापुढचा मजकूर आज्ञा म्हणून चालतो. दुसऱ्याची माहिती वाचण्यासाठी किंवा पुसण्यासाठी हीच फट वापरली जाते. वाक्यात मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा आणि मूल्ये स्वतंत्र टपलमध्ये द्या, म्हणजे डेटाबेस त्यांना केवळ मूल्य समजतो. पान दाखवताना हाच धोका दुसऱ्या टोकाला उभा राहतो : कोणी पुस्तकाच्या नावात स्क्रिप्टचा टॅग लिहिला, तर तो इतर वाचकांच्या ब्राउझरमध्ये चालू नये. फ्लास्क एचटीएमएल टेम्प्लेटमधील अशी चिन्हे आपोआप निष्प्रभ करते. मजकुरापुढे ‘सेफ’ हा फिल्टर लावून ते संरक्षण काढू नका.

प्रश्न : एका मजकूर-फाइलमधून वाचलेली मराठी नावे पानावर विचित्र चिन्हांच्या रूपात दिसतात. फॉन्ट बदलून उपयोग झाला नाही.

उत्तर : येथे फॉन्टचा दोष नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या, अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीमध्ये तीन बाइटांचे असते. विंडोजवर पायथन अनेकदा जुन्या एक-बाइटी संकेतनानुसार फाइल उघडते आणि त्या तीन बाइटांची तीन वेगळी अक्षरे होतात. फाइल उघडताना एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहा. फ्लास्क स्वतःची टेम्प्लेट यूटीएफ-८ धरूनच वाचते, म्हणून कोड लिहिण्याच्या एडिटरमध्येही ती तशीच जतन करा.

प्रश्न : संकेतस्थळ माझ्या संगणकावर उत्तम चालते. ते इतरांसाठी खुले करण्याआधी काय करावे? ‘हा विकासासाठीचा सर्व्हर आहे’ अशी ताकीद दिसते, ती गांभीर्याने घ्यावी का?

उत्तर : अवश्य घ्यावी. सर्वांत आधी डीबग अवस्था बंद करा. त्या अवस्थेत त्रुटी आली की ब्राउझरमध्ये एक कन्सोल मिळतो आणि तेथे लिहिलेला पायथन कोड थेट सर्व्हरवर चालतो. त्याला पिनचे कुलूप असते, पण खुल्या संकेतस्थळाने त्या कुलपावर विसंबून राहणे योग्य नाही. विकासाचा सर्व्हर जास्त गर्दी किंवा हल्ले पेलण्यासाठी घडवलेलाच नाही. त्याच्या जागी लिनक्सवर जीयुनिकॉर्न आणि विंडोजवर वेट्रेस वापरता येते. तुमचा कोड तोच राहतो, कारण वर सांगितलेला डब्ल्यूएसजीआय करार दोन्ही पाळतात. त्यांच्यापुढे एनजिनएक्ससारखा सर्व्हर ठेवला, तर चित्रे व स्टाइलच्या फाइली आणि एचटीटीपीएस त्याच्याकडे सोपवता येतात.

त्यानंतर सीक्रेट की पाहा. फ्लास्कचे सेशन, म्हणजे वाचकाविषयी लक्षात ठेवायची माहिती, वाचकाच्या कुकीत (त्याच्या ब्राउझरने साठवलेल्या लहान नोंदीत) राहते. त्यावर या कीने सही केलेली असते, पण ते कूटबद्ध नसते. म्हणजे वाचकाला ते उलगडून वाचता येते, फक्त गुपचूप बदलता येत नाही. तेव्हा सेशनमध्ये गुपिते ठेवू नका आणि की कोडमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर संगणकाच्या व्यवस्थेत, ठेवा, कारण ती एकदा गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, गेली की जुन्या नोंदींतून काढणे जिकिरीचे होते. पायथनच्या सीक्रेट्स मॉड्यूलने पुरेशी लांब, यादृच्छिक की मिळते. दुसऱ्या संकेतस्थळावरून तुमच्या वाचकाच्या नावाने फॉर्म पाठवला जाऊ नये, यासाठीचे संरक्षण जँगोत सुरुवातीपासून असते. फ्लास्कमध्ये ते फ्लास्क-डब्ल्यूटीएफ हे एक्स्टेन्शन घेऊन जोडावे लागते, आणि खुल्या संकेतस्थळासाठी मी ते ऐच्छिक मानत नाही.

शेवटचे काम डेटाबेसच्या फाइलचे. संकेतस्थळ चालू असताना ती नुसती कॉपी करू नका. नेमक्या त्याच क्षणी कोणी लिहीत असेल, तर प्रत अर्धवट निघू शकते. पायथन ३.७ पासून एसक्यूलाइटच्या मॉड्यूलमध्ये बॅकअप ही मेथड आहे, ती चालू डेटाबेसचीही सुसंगत प्रत काढते. ती प्रत दुसऱ्या संगणकावर ठेवा आणि पत्ता इतरांना कळवण्यापूर्वी तिच्यावरून संकेतस्थळ एकदा तेथे उभे करून पाहा.