धीर धरायचा म्हणजे दावा मागे घ्यायचा का?

पत्र: पतीच्या निधनानंतर माझ्या दिरांनी सामाईक आंबा-काजूच्या बागेतील आमचा हिस्सा नाकारला. दावा दिवाणी न्यायालयात आहे, पण तारखा पुढे पुढे जातात. मुलगा कॉलेजात आहे, वकिलांची फी थकली आहे. चर्चमधील माणसे म्हणतात, ‘दावा मागे घे, धीर धर, देवावर सोड.’ नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करूनही राग जात नाही. माझा विश्वास कमी पडतो आहे का?
– मालवण तालुक्यातील एक भगिनी

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला सल्ला देणाऱ्यांनी धीर आणि माघार या दोन गोष्टी एकच धरल्या आहेत. खचून न जाता प्रार्थना करीत राहावे हे शिकवताना येशूने जो दाखला दिला (बायबलमधील लूकचे शुभवर्तमान, अध्याय 18), त्यातील स्त्री विधवाच आहे, आणि ती घरी स्वस्थ न बसता, देवाला न भिणाऱ्या व माणसांची पर्वा न करणाऱ्या न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाऊन न्याय मागते. तेव्हा तारखेला न्यायालयाच्या आवारात ताटकळत बसताना आपण देवापासून दूर आलो आहोत, असे मनात आणू नका.

रागाचेही तसेच आहे. याकोबाच्या पत्रात ज्याच्या धीराचा गौरव केला आहे, तोच संकटांनी गांजलेला ईयोब बायबलमध्ये स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो आणि देवालाच जाब विचारतो. तरीही अखेरीस देवाचा कोप होतो तो त्याला शहाणपण शिकवणाऱ्या मित्रांवर. (चर्चच्या पायऱ्यांवर सल्ले वाटणाऱ्यांनी हा भाग अधूनमधून वाचायला हरकत नाही.) 13 व्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच ओव्यांत ‘किती काळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो. राग आहे तसा प्रार्थनेत मांडा. तो दडपून केलेली नोव्हेना तुम्हालाच थकवील.

संत पौलाने मात्र करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, भावाभावांनी एकमेकांना न्यायालयात खेचण्यापेक्षा अन्याय का सोसू नये, असे खरोखरच विचारले आहे, आणि ते वचन तुम्हाला कोणीतरी ऐकवलेच असेल. परंतु त्याच ठिकाणी तो, भावांमधील वाद सोडवील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही का, असे मंडळीलाच खडसावतो. शिवाय स्वतःवर वेळ आली तेव्हा त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली. म्हणून फादरांकडे जा आणि दोन्ही घरे मानतील अशा एखाद्या वडीलधाऱ्या माणसासमोर बोलणी घडवून आणण्याची विनंती करा. दावा तोवर चालू राहू द्या.

बोलणीला जाण्यापूर्वी आपला हक्क नीट समजून घ्या. पतीने मृत्युपत्र केले नसेल, तर ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार त्यांच्या हिश्श्यातील एक तृतीयांश तुमचा आणि दोन तृतीयांश मुलांचा होतो. सातबाऱ्यावरील नोंद मुख्यतः महसुलासाठी असल्याने, तेथे तुमचे नाव नाही एवढ्याने हक्क बुडत नाही. तरीही वारस नोंद झाली आहे का, हे तलाठ्याकडे पाहा. फीची चिंता असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, कारण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. तडजोड झाल्यास ती लोकअदालतीत नोंदवून घ्या. तेथील निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील होत नाही आणि भरलेले न्यायालयीन शुल्कही परत मिळते. मात्र अपील नसल्यामुळेच, बागेची मोजणी आणि वाटपाचा नकाशा हाती आल्याशिवाय सही करू नका.

निकाल कधी आणि कसा लागेल, हे तुमच्या हाती नाही. देवावर सोडायचे ते एवढेच. दिरांचे कुटुंब चर्चमध्ये रविवारच्या त्याच मिस्सेला (उपासनेला) येत असेल, तर शांतीच्या अभिवादनाच्या वेळी त्यांच्याकडे वळून हात जोडा. त्यांनी मान फिरवली तरी पुढच्या रविवारी पुन्हा जोडा, आणि सोमवारी तारीख असेल तर कागदपत्रे घेऊन वेळेवर हजर राहा.