किल्ल्यातले पांढरे एलईडी का पेटेनात?

तुम्ही दिवाळीसाठी मातीचा पन्हाळा केलाय, 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर 12 पांढरे आणि 8 लाल एलईडी एकाच रेझिस्टरमागे (करंट आवरणारा भाग) पॅरलल, म्हणजे शेजारी शेजारी त्याच दोन तारांवर जोडलेत, आणि फक्त लाल पेटतायत. पांढरे फेकू नका, ते चांगलेच असणार. दोष जोडणीत आहे.

लाल एलईडीवर साधारण 2 व्होल्ट पडतात, पांढऱ्याला 3.2 च्या आसपास लागतात. पॅरललमध्ये सगळ्यांना एकच व्होल्टेज मिळतं. लाल पेटले की ते 2 च्या फार वर चढूच देत नाहीत, मग पांढऱ्यांना काय मिळणार? एकाच रंगाचे असले तरी असं जोडू नये. त्यांच्यातही थोडा फरक असतो. एखादा जास्त करंट ओढतो, तापतो आणि तापला की आणखी ओढतो.

म्हणून लहान लहान सिरीज माळा करा, म्हणजे एलईडी एकामागोमाग एक जोडा, आणि प्रत्येक माळेला स्वतःचा रेझिस्टर द्या. तीन पांढरे म्हणजे 9.6 व्होल्ट, उरले 2.4. साध्या 5 मिमी एलईडीची मर्यादा बहुधा 20 मिलिअँपिअर असते, पण अंधारात 10 भरपूर होतात. किल्ला बघायचाय, डोळे दिपवायचे नाहीत. 2.4 व्होल्ट भागिले 0.01 अँपिअर म्हणजे 240 ओहम, त्यावरचा सहज मिळणारा 270 घ्या (त्यावरचे पट्टे लाल, जांभळा, तपकिरी). चार लालच्या माळेत 4 व्होल्ट उरतात, तिथे 390 किंवा 470. पाव वॉटचे रेझिस्टर पुरतात. चार पांढरे एका माळेत बसवू नका, 12 व्होल्ट कमी पडतात.

पन्हाळ्याला ही तिनाची माळ छान जुळते. अंबरखान्यात, म्हणजे गडावरच्या धान्यकोठारात, गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या आहेत, प्रत्येकीत एक पांढरा ठेवा. दुसरी माळ ‘तीन दरवाजा’ नावाच्या प्रवेशद्वाराला, तिसरी सज्जा कोठी या इमारतीला, चौथी हवी तिथे. लाल माळा बुरुजांवर.

एलईडीचा लांब पाय प्लसकडे. पाय कापून झाले असतील तर कडेची चपटी बाजू मायनसची.

जोडण्याआधी अडॅप्टर मल्टीमीटरने मोजा, ही पायरी अजिबात टाळू नका. जुन्या, जड ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरवर 12 लिहिलेलं असलं तरी एवढ्या कमी लोडला 15-16 व्होल्ट मिळू शकतात. तेव्हा 270 वर पांढऱ्या माळेतून 20 च्या वर करंट जाईल. 16 आले तर पांढऱ्यांना 680 आणि लालना 820 लावा. चार पांढऱ्या आणि दोन लाल अशा सहा माळा मिळून जेमतेम 60 मिलिअँपिअर घेतात, त्यामुळे अर्ध्या अँपिअरचा अडॅप्टरही चालेल.

किल्ल्यावर हळीव पेरला असेल तर रोज पाणी शिंपडलं जाणार. डाग दिलेल्या प्रत्येक जोडावर स्लीव्ह (प्लास्टिकची नळी) चढवा, नाहीतर ओल्या मातीत तांब्याला हिरवट गंज चढून माळ बंद पडते. अडॅप्टर आणि 230 व्होल्टचा बोर्ड किल्ल्यापासून लांब, कोरड्या जागी आणि लहान पोरांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर ठेवा.