सोनीचा प्लेस्टेशन 5 हा गेम खेळायचा कन्सोल एवढा अवाढव्य का? टीव्हीच्या कपाटात मावेल इतका लहान करता आला नसता का?

आला असता, पण मग महाग तरी झाला असता, नाहीतर टिकला नसता. 'डिझायनरची हौस' हे उत्तर मला अजिबात मान्य नाही.

मायक्रोसॉफ्टचा कन्सोल एक्सबॉक्स 360 आठवा, 2005 चा. डबा सडपातळ हवा म्हणून डीव्हीडी ड्राइव्ह ग्राफिक्स चिपच्या डोक्यावर बसवला आणि त्याखाली मावेल तेवढाच बुटका हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा पत्र्यांचा ठोकळा, चिपला मिळाला. तापायचं, गार व्हायचं, पुन्हा तापायचं. चिपच्या पोटातले सोल्डरचे (जोडकामाच्या धातूचे) सांधे तडकत गेले आणि समोर बिघाडाचे तीन लाल दिवे लागले. 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टला त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची करून शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. दोन बोटं उंची वाचवण्यापायी!

सोनीला 499 डॉलरचा भाव गाठायचा होता, तोही सुरुवातीला तोटा सोसून. म्हणून महाग व्हेपर चेंबर (आतल्या वाफेने उष्णता पसरवणारी चपटी डबी) टाळला आणि साध्या हीट पाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) भलामोठा हीटसिंक, 120 मिमी व्यासाचा व 45 मिमी जाडीचा पंखा आणि चिपवर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारं लिक्विड मेटल, म्हणजे द्रवरूप धातू, घातलं. रिकामी जागा स्वस्त पडते.

दुसरं, फोन तापला की मंदावतो, तसं इथे ठेवलेलं नाही. चिपचा वेग खोलीच्या तापमानावर नाही, कामाच्या भारावर ठरतो. लंडनला आणि नागपूरला गेम सारखाच चालतो. फरक सगळा पंखा सोसतो. आतला भाग 75 अंशांत ठेवायचा धरला, तर 20 अंशांच्या खोलीत 55 अंशांचा फरक हाताशी असतो, आपल्या मे महिन्यातल्या 42 च्या खोलीत फक्त 33. तेवढीच उष्णता काढायला दीडपटीहून जास्त जोर लागतो. सोनीने स्वतः सांगितलेली खोलीच्या तापमानाची मर्यादा तर 35 अंशांचीच आहे.

म्हणून कपाटाचा विचार सोडा. भिंतीपासून किमान 10 सेंमी जागा ठेवा. 'कूलरसमोर ठेवा' हा इथला आवडता सल्ला तर साफ चुकीचा आहे: ओलसर हवेत धूळ हीटसिंकच्या पत्र्यांच्या फटीत चिकटून बसते, आणि कूलरच्या जड पाण्याचे तुषार उडाले तर क्षारही. महिन्यातून एकदा यंत्र बंद करून, वायर काढून, बाजूचं पॅनल सरकवा आणि धूळ जमण्याच्या दोन भोकांना व्हॅक्यूम लावा. हीटसिंक उचलू नका, लिक्विड मेटल वीजवाहक असतं, बोर्डावर सांडलं की शॉर्ट.

हो, 2023 चं प्लेस्टेशन 5 चं स्लिम मॉडेल आकारमानाने 30 टक्क्यांहून जास्त लहान आहे. पण ते तीन वर्षांनी आलं, चिप 6 नॅनोमीटरच्या, म्हणजे आणखी बारीक, बनावटीवर गेल्यानंतर. आणि कपाटात तेही ठेवू नका.