किनाऱ्यावर घोड्यांसह मुक्काम : वाचकांचे प्रश्न

दिवाळी सरली की अलिबाग, काशीद, मुरूडकडे घोडे नेऊन तंबूत राहायचे बेत ठरतात आणि घोड्यांचा डॉक्टर म्हणून मला तेच ते प्रश्न येऊ लागतात. त्यातले काही इथे घेतो.

घोडा समुद्राचं पाणी प्यायला तर चालेल का?

नाही. दिवसाला 25 ते 45 लिटर गोडं पाणी धरून चाला, उन्हात चालवलात तर जास्त. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असू शकतं, आधी स्वतः चाखा.

रात्री सुरूच्या झाडाला बांधावा का?

एका बुंध्याला लांब दोर लावून सोडू नका, पाय अडकतो. दोन झाडांमध्ये घोड्याच्या डोक्यावरून आडवा दोर ताणा, त्या दोराला घोडा आखूड बांधा, गाठ एका ओढीत सुटणारी हवी. जवळ कण्हेर असेल तर जागा बदला. तिची थोडी पानंही जिवावर बेततात.

ओहोटीला रेवदंड्याची खाडी घोड्यावरून ओलांडता येईल?

नाही. साळावचा पूल आहे.

चंदी (घोड्याचा दाणा) वाळूवरच ओततो. पोट दुखलं तर हिंग-तेल पाजून फिरवावं असं सांगतात. बरोबर?

दोन्ही चूक. दाण्याबरोबर वाळू पोटात जाते, मोठ्या आतड्यात तळाला साचते आणि पोटशूळ उठतो. चंदी तोबऱ्यातून, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीतून द्या, गवत ताडपत्रीवर ठेवा. शंका असेल तर ताज्या लिदीचे जमिनीला न टेकलेले दोन-तीन गोळे काचेच्या बाटलीत पाण्यात कुसकरून ठेवा. थोड्या वेळाने तळाशी वाळू बसलेली दिसली तर डॉक्टरांना दाखवा. दिसली नाही, तरी निर्धास्त होऊ नका.

आता हिंग-तेल. घोड्याला उलटी होत नाही. जठर तुंबलं तर फुटूही शकतं, आणि तुम्ही त्यात वरून भर घालता. मान वर धरून बाटलीने ओतलेलं तेल फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो. "सकाळपर्यंत दुखणं बसेल" हे वाक्य ऐकलं की माझा संताप होतो. आतड्याला पीळ पडला असेल तर सकाळ फार लांब असते. घोडा पाय आपटतोय, कुशीकडे वळून बघतोय, लोळतोय, लीद टाकत नाही, तर चंदी-गवत काढून घ्या, नाडी मोजा (शांत घोड्याची मिनिटाला 28 ते 44) आणि लगेच फोन करा. उरलेलं वेदनाशामक इंजेक्शन आपल्या मनाने टोचू नका, दुखणं झाकलं जातं. घोडे बघणारा डॉक्टर मुक्कामापासून किती लांब आहे, हे निघण्याआधी विचारा. तिथे गेल्यावर शोधत बसू नका.

दुकानदार 'ताकदीची पावडर' देतो. घ्यावी?

पाकिटावर घटक छापलेले नसतील तर परत करा. घामातून पाण्याबरोबर मुख्यतः मीठ जातं. साधं मीठ किती द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. घोड्याला सावली द्या आणि अंगावर पुन्हापुन्हा पाणी ओता. हे काम पावडर करत नाही.

भाड्याने घोडे घेताना काय बघावं?

ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अलीकडचा अहवाल मागा. हा रोग माणसालाही होतो. धनुर्वाताची लस कधी टोचली तेही विचारा, आणि निघण्याआधी घोडा एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या. मालक टाळाटाळ करत असेल तर तो घोडा घेऊ नका.